तांब्याचा पाइप आणि कुंदाचा पेपर

मी तांब्याचा पाइप बोलतोय. साऱ्या वऱ्हाडात माझ्याइतका भरवशाचा पाइप दुसरा झाला नाही. म्हणजे, तडकेपर्यंत तरी.

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात बारा वर्षं मी इंजिनाला तेल पाजलं. धुळीनं माणसं खोकायची, मी हसायचो. माझी शाळा म्हणाल तर गाठींवरचे आकडे वाचण्यापुरती. जीन बंद पडला तेव्हा चंद्रभान मिस्त्रीनं मला काखेत मारून घरी आणलं. त्यानं दोन मोडक्या मोटारींची मिळून एक केली होती. टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल न्यायचं कशानं, तेवढंच अडलं होतं. ओट्यावर एकीकडे मी, दुसरीकडे रबराची नळी. काळी, लिबलिबीत. मी तिला गांडूळबाई म्हणायचो.

मिस्त्रीची बायको पार्बताबाई म्हणाली, "इंजिन तर हिवताप आल्यावानी कापून राहिलं. हा ताठ गडी टिकन का? इंजिनापाशी तरी हातभर रबर लावा."

"तुले काय समजते? जिनात बारा साल टिकला हा!"

जिनातलं इंजिन सिमेंटात पक्कं बसवलेलं, जागचं हलत नव्हतं, हे मिस्त्री विसरला. मी विसरलो नव्हतो. पण मला मोटारीत बसायचं होतं. मी नुसता चमकत राहिलो.

मिस्त्रीची भाची कुंदा त्या साली मॅट्रिकला होती. परीक्षा अमरावतीला, पहिला पेपर अकराला. तिच्या वडलांनी, जानरावांनी, बजावलं होतं, "यंदा पास झाली तर शिक. नाई तर वैशाखात लगीन." पोरगी आदल्या दिवशीच रेल्वेनं जायला निघाली होती. मिस्त्रीनं अडवलं. "घरची मोटार सोडून रेल्वेनं? लोक काय म्हणतीन मले? सकाळी निघू, नऊले पोचवतो!"

मूर्तिजापूरपर्यंत मी मजेत होतो. पुढं बैलगाड्यांनी खणलेला रस्ता लागला आणि इंजिनापाशी, जिथं मला वाकवलं होतं तिथंच, मला चीर गेली. पेट्रोल ठिबकू लागलं. मिस्त्रीनं चिरेवर साबण चोळला, धोतराची चिंधी गुंडाळली. दोन मैल गेलो की पुन्हा गळती, पुन्हा साबण. कुंदा कडेला पुस्तक मिटून बसली. रडली नाही. थेंब धुळीत जिरताना बघत राहिली.

बडनेऱ्यालाच एक वाजला.

वैशाखात तिचं लग्न झालं, धामणगावला.

आता माझ्या जागी रबराची नळी आहे आणि मोटार छान धावते. गांडूळबाईची थट्टा करायची माझी छाती होत नाही. मी भिंतीवर खिळ्याला टांगलेला. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री मला दाखवून हशा पिकवतो. परवा कुंदा भेटायला आली, तर तिच्यापुढंही त्यानं मला काढलं.

"कुंदे, यानंच तुहा घात केला, या पाइपानं!"

खरं आहे पोरी, मला म्हणायचं होतं, माफ कर.

कुंदानं मला हातात घेतलं, चिरेवरून बोट फिरवलं.

"मामा, रेल्वेनं जाऊ नको, असं या पाइपानं म्हटलं होतं का मले?"