सुंदरीचं स्थळ

"हीसुद्धा गेली," म्हणत रत्नाने पेटीतली साडी दोन्ही हातांनी उजेडात धरली.

मंगळूरहून आणलेली मोतिया रंगाची साडी, घडीसुद्धा मोडली नव्हती. पदराच्या मधोमध वाटीएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा जळून काळ्या झाल्या होत्या. पेटीला कुलूप होतं, किल्ली रत्नाच्या कमरेला. वरखालच्या कपड्यांना धगसुद्धा लागलेली नव्हती.

वारिजाने मांडीवरचं विड्या वळायचं सूप खाली ठेवलं. साडीची घडी केली, भोक आत जाईल अशी, आणि ती भाचीकडे न बघता म्हणाली, "दुसरी आणू."

"ही तिसरी आहे, मावशी," शशिकला म्हणाली. "मी काय केलंय तिचं? तीपण माझी मावशीच ना?"

"म्हणून तर."

या घरात सुंदरीचं नाव दिवेलागणीनंतर कोणी घेत नसे. वारिजाची थोरली बहीण, सात वर्षांची असताना तापाने गेलेली. आज असती तर एकोणपन्नासची असती. आधी तिचा काही त्रास नव्हता. पण वारिजाचं लग्न ठरलं आणि सुपारी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी नवरा मुलगा ताडी काढताना माडावरून पडला. दुसऱ्या स्थळाची आई आठ दिवसांत गेली. तिसऱ्यांनी नुसता निरोप पाठवला. पुढे कोणी आलं नाही. धाकट्या बहिणीचं, रत्नाचं लग्न मुंबईत लावलं, नेत्रावती नदी ओलांडून सुंदरी तिकडे येणार नाही म्हणून, आणि ते निभावलंही. पण या घराण्यात घर लेकीकडून लेकीकडे जातं. रत्ना बाळंतपणाला परत आली आणि इथलीच झाली. नवरा मुंबईच्या हॉटेलात भट्टीपुढे उभा, वर्षातून एकदा येणारा. आता तिच्या लेकीची, शशिकलेची वेळ आली होती. शिजलेल्या भातात केसांची गुंतवळ निघायची. सारवलेल्या भुईवर सकाळी ओल्या पावलांचे ठसे दिसायचे, वीतभरसुद्धा नसलेले.

कवड्या टाकणाऱ्याने सांगितलं होतं, "तुमची थोरली अजून उंबऱ्यात उभी आहे. तिच्या अंगावरून धाकट्या पुढे जातात. तिचं लग्न लावा."

शशिकलेला कारकळचा मुलगा सांगून आला होता, शाळेत कारकून. त्याच्या घरचे बोलायला गोड होते, पण बोलले ते स्पष्ट, "आटीचा महिना जाऊ दे. तुमच्या घरचं काय ते निस्तरा, मग श्रावणात बघू. नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल." आटीत, भर आषाढात, जिवंत माणसांची लग्नं होत नाहीत. मेलेल्यांची त्याच महिन्यात होतात.

संध्याकाळी मोनप्पामामा छत्री झटकत आला. हा तिघी बहिणींच्या आईचा भाऊ, घरातला कर्ता पुरुष.

"स्थळ मिळालं," तो म्हणाला.

"कसा आहे मुलगा?" रत्नाने विचारलं.

"मेलेला आहे. आणखी कसा असणार?"

शशिकलेला हसू फुटलं आणि ते आवरता आवरता ती रडायला लागली.

सोमवारी मुलाकडची माणसं आली. वारिजाचा सोमवार निर्जळी असे. आईच्या आजारपणात धरलेला, आई गेली तरी तिने तो सोडला नव्हता. पाहुण्यांपुढे तिने गूळ आणि पाणी ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली.

मुलाची आई मुत्तक्का कमरेत वाकलेली होती, डोळ्यांत फूल पडलेलं. सोबत भाचा कांतप्पा, कानावर पेन्सिल लावलेला. मुलाचं नाव संजीव. पाच वर्षांचा असताना शेताच्या बांधावर साप चावून गेलेला. आज अठ्ठेचाळीसचा असता.

"मुलीला मरण कशाने आलं?" कांतप्पाने विचारलं.

"तापाने," मामा म्हणाला. "तीन दिवसांत."

"अंगावर कुठे डाग, व्रण?"

"काही नाही. नक्षत्रासारखी होती."

"आमचा मासळीला तोंड लावायचा नाही," मुत्तक्का म्हणाली. "ताकभात द्यायचा त्याला. मुलीला ठाऊक असलेलं बरं."

"आमच्याकडे तरी मासळी कुठे रोज असते," रत्नाने मान वर करून सांगितलं. मुलीची बाजू पडती घ्यायची नाही हे तिने मनाशी ठरवलेलं दिसत होतं.

कांतप्पाने खिशातून घडीचा कागद काढला. "पत्रिका फार छान जुळते. दहातली नऊ कूटं. मी दोनदा ताडून पाहिली. रोहिणी नक्षत्र, कर्क मास, गुरुवार, सूर्योदयानंतर चार घटका. मुलापेक्षा दोन वर्षांनी लहान. गेली तेव्हा चारची, नाही का?"

"चारची," मामा म्हणाला.

वारिजाने दाराची चौकट धरली. रोहिणी, गुरुवार, चार घटका. तीन घरी जाऊन परत आलेला तो कागद, कोपऱ्यांना हळद लागलेला. तो तिचा होता. तिने मामाकडे पाहिलं. मामा पावसाकडे बघत होता.

पान-सुपारीच्या निमित्ताने तिने त्याला आत बोलावलं. "मामा, ती माझी पत्रिका."

"हळू बोल. सुंदरीची तुझ्या आईने तिच्याबरोबर नदीत सोडली. पत्रिकेवाचून चार स्थळं अडली, ठाऊक आहे? तुझी नुसती पडून होती."

"सुंदरी त्या मुलापेक्षा वर्षाने मोठी आहे. मोठी मुलगी चालत नाही."

"ते तुला ठाऊक, मला ठाऊक. मेलेल्यांना सांगायला कोण जातंय?"

"त्यांनाच ठाऊक असतं, मामा."

"नऊ कूटं जुळली," मामा तबकातली पानं सारखी करत म्हणाला. "तुझ्या तीन स्थळांत कधी पाचाच्या वर गेली होती का? त्या पोरीचा तरी विचार कर. श्रावणाला किती दिवस उरलेत?" आणि तो तबक घेऊन बाहेर गेला.

वारिजा चुलीपाशी उभी राहिली. गप्प बसलं तर शशिकलेचा श्रावण पदरात पडत होता. पण फसवून लावलेल्या लग्नाने सुंदरी कशी जाणार होती? ती उंबऱ्यातच राहणार, दुप्पट चिडून, आणि पुढच्या वेळी नुसत्या साड्याच जळतील असं थोडंच होतं. आणि मंत्र म्हणताना जे नक्षत्र उच्चारलं जाईल ते कोणाचं? त्या परक्या पाच वर्षांच्या मुलाशी कोणाची गाठ पडणार? सकाळपासून कोरड्या असलेल्या तोंडात तिला जीभ सापडेना.

मुत्तक्का परसदारी जायला उठली. वारिजा छत्री आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागोमाग गेली. परत येताना पाय धुवायच्या दगडाशी तिने म्हातारीच्या पायांवर पाणी घातलं आणि वाकलेलीच राहून म्हणाली, "अम्मा, ती पत्रिका सुंदरीची नाही. माझी आहे. सुंदरी गेली तेव्हा सातची होती. तुमच्या संजीवपेक्षा वर्षाने मोठी."

म्हातारीने ओला पाय दगडावर घासला. पाऊस केळीच्या पानांवर वाजत होता.

"मला आजपर्यंत कोणी फसवलं नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "चार घरी गेले. नको असेल तर तोंडावर नको म्हणाले."

"आमच्या घरात एक मुलगी आहे लग्नाची. मामाने तिच्यासाठी केलं. मी सांगितलं नसतं तर..." वारिजाने तांब्यातलं उरलेलं पाणी दगडावर ओतलं.

"तुला आठवते ती?"

"मी चारची होते. एकच आठवतं. पावसात नदीवरून येत होतो. दोघींत एकच गोरबं होतं, माडाच्या पानांचं. मला पुरतं आत घेतलं होतं आणि ती अर्धी बाहेर. तिचा हा खांदा भिजत होता." वारिजाने स्वतःच्या डाव्या खांद्याला हात लावला. "ताप त्यानंतरच आला. नक्की त्यानेच आला का ते कोणी मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

म्हातारीने फूल पडलेले डोळे तिच्या तोंडावर लावून ठेवले. तिला किती दिसत होतं कोण जाणे.

"माझा बांधावर एकटा होता," ती म्हणाली. "मी दोन शेतं पलीकडे लावणी करत होते. हाक मारली असेल त्याने. पावसात कुठे ऐकू येतंय. इतकी वर्षं मला एकच लागून राहिलंय, की तो एकटा आहे." ती वारिजाच्या दंडाला धरून एक पायरी चढली. "धाकटीला आत घेऊन स्वतः भिजणारी. वर्षाने मोठी असली तर बरंच की ग. हात धरून नेईल त्याला."

"पण कूटं..."

"कूटं कांतप्पाला लागतात. मला नाही. त्याला काही सांगू नको, पंचांग फार चढलंय त्याच्या डोक्यात. लग्नात तुझं नक्षत्र घ्यायचं नाही, एवढं मी बघते." दोन पायऱ्या चढल्यावर ती पुन्हा थांबली. "माझ्या सुनेची बहीण उपाशी दिसतेय."

"सोमवार आहे, अम्मा."

"हं," म्हातारी म्हणाली. "म्हणूनच खोटं पचलं नाही."

आठव्या दिवशी, पुढच्या सोमवारी, लग्न लागलं. पडवीत दोन पाट मांडले. एकावर धोतर आणि उपरणं, दुसऱ्यावर हिरवी साडी, बांगड्या, मोगऱ्याची वेणी. म्हातारीने स्वतः निवडून आणलेली साडी, सात वर्षांच्या मुलीला नेसवता येईल अशी आखूड कापून घेतलेली. ती बघून रत्नाने मामाकडे पाहिलं. मामाने मान खाली घातली.

अशा लग्नाला अविवाहितांनी थांबायचं नसतं. रत्ना बहिणीपुढे येऊन उभी राहिली, हातातलं तबक या हातातून त्या हातात घेत राहिली.

"अक्का, तू आणि शशी..."

"ठाऊक आहे," वारिजा म्हणाली. "मासळी तळायची आहेच."

वीस वर्षांची एक आणि सेहेचाळीस वर्षांची एक, दोघी मागच्या चुलीशी बसल्या. मध्ये गजांची खिडकी उघडी होती. तिच्यातून कांतप्पाचा खणखणीत आवाज येत होता. गोत्र झालं, मुलाचं नाव झालं. मग तो म्हणाला, "रोहिणी नक्ष..."

"नक्षत्र नको," मुत्तक्काचा आवाज आला. "नाव घे. सुंदरी म्हण."

"आत्या, तसं नसतं."

"मुलगा माझा आहे ना? म्हण, सुंदरी."

"सुंदरी," कांतप्पा म्हणाला.

इतक्या वर्षांत ते नाव या घरात इतक्या मोठ्याने कोणी घेतलं नव्हतं. वारिजाने तव्यावरचा बांगडा उलटला. हात स्थिर होता, पण मिठाऐवजी तिने तिखटच दोनदा घातलं.

"मावशी, खिडकीतून बघू थोडंसं?" शशिकला कुजबुजली.

"नको."

"तू तरी बघ. तुझी बहीण आहे."

"नको ग." ती खिडकीकडे पाठ करून बसली होती, तशीच बसून राहिली. तांदूळ उधळल्याचा आवाज आला. मग पाट उचलल्याचा. पायऱ्या उतरणारी पावलं ऐकू आली, आणि त्यात म्हातारीचं बोलणं, कोणा लहानाला सांगावं तसं, "सावकाश, बाळांनो. बांध निसरडा आहे."

डाव्या खांद्यावर गार वाऱ्याची झुळूक आली असं वारिजाला वाटलं. मागचं दार तर बंद होतं.

मुलाकडची दोन माणसं पाट घेऊन पुढे मुलाच्या घरी गेली. बाकीच्यांची जेवणं झाली. रत्नाचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. ती मामाला कारकळला कधी निरोप धाडायचा ते विचारत होती. म्हातारी भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. कांतप्पा सुपारी कातरत बसला होता. बांगडा तिखट होता, पण फार छान झाला होता, असं त्याने दोनदा सांगितलं. मग आवाज उतरवून, अगदी आपुलकीने तो मामाला म्हणाला, "वारिजाअक्कांचीही पत्रिका असेल ना घरात? जपून ठेवा. पुढेमागे लागेलच. ऐनवेळी फार धावपळ होते. आमच्याच वाडीत एक मुलगा आहे, पटकीत गेलेला, घराणं चांगलं आहे. म्हटलं तर मी आत्ताच कानावर घालून ठेवतो."

रत्नाने डोळे मिटून घेतले. मामाने तंबाखूची पिशवी उघडली आणि तशीच बंद केली.

वारिजा उष्टी पानं गोळा करत होती. ती सरळ उभी राहिली.

"मुलगा कुठे पळून जायचा नाही, अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "थांबेल तो. मी अजून जेवायची आहे."

पानं तिने बाहेर नेऊन टाकली, हात धुतले. मग कोपऱ्यातून केळीचं एक कोरं पान घेतलं, पडवीच्या मधोमध मांडलं, पाण्याने पुसलं आणि सगळ्यांदेखत मांडी घालून बसली. शशिकला भाताचं पातेलं घेऊन धावत आली.

"थोडा वाढू?"

"भरपूर वाढ," वारिजा म्हणाली.

भात अजून कढत होता. तिने त्यात खळगा केला, सार घेतलं, आणि पहिला घास तोंडात घालून सावकाश चावत राहिली.