बांगड्यांच्या डब्यातलं तवसं

मी एक जुना, चौकोनी, तळ गेलेला रॉकेलचा डबा आहे. मालवणात सुभद्राच्या न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, माझ्या आजच्या रूपावर जाऊ नका. मुंबईहून बोटीनं आलो तेव्हा मी लखलखत होतो आणि दुकानातल्या मिठाच्या पोत्यांकडे ढुंकूनही पाहत नव्हतो. पुढे त्या मिठानंच माझी चांगली जिरवली.

रॉकेल संपल्यावर राधाबाई मला घरी घेऊन आल्या. राखेनं घासून घासून त्यांनी माझा वास घालवला आणि पावसाळ्याच्या बेगमीला माझ्यात बांगडे खारवले. एक थर मिठाचा, एक थर बांगड्यांचा. असे दोन पावसाळे गेले. वाडीतली सगळी मांजरं तेव्हा माझी चौकशी करायला यायची. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

१९५६ साली राधाबाईंची सून घरात आली. सुभद्रा तळेऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. नवरा पंधरा दिवसांत मुंबईला नोकरीवर गेला आणि ती सासूबरोबर राहिली. इथे दारात नुसती वाळू आणि माडांची सावली. तिला झाडांवाचून करमेना, म्हणून राधाबाईंनी मोठ्या मनानं मला तिच्या हवाली केलं. तिनं मला वरवर विसळलं. कोपऱ्यांतलं मीठ तसंच राहिलं. ती खिळा घेऊन माझ्या तळाला भोकं पाडायला बसली, तर राधाबाई म्हणाल्या, “चांगल्या डब्याक भोक कित्याक पाडतंस?” मलाही ते पटलं. तेव्हा मी गर्विष्ठच होतो.

सुभद्रानं माझ्यात एकदम मिरची, भेंडी, वांगं, अबोली आणि पडवळ लावलं. माझ्या पोटात जत्रा भरली. आठवड्याभरात सगळे माना टाकून बसले. मग तिनं नुसती मिरची लावली. तीही पिवळी पडून गेली.

“हिच्या हाताक गूण नाय,” राधाबाईंनी विहिरीवर जाहीर केलं. तिथे बोललेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचते. शिवाय त्यांनी बजावलं की, चतुर्थीच्या माटवीला टांगायच्या तवशाचं बी या सुनेनं लावायचं नाही. गणपतीवर बांधायच्या त्या चौकटीला घरचं तवसं, म्हणजे ती मोठी पावसाळी काकडी, लागायचंच. सुभद्रा माझ्या कडेवर हात ठेवून रडली. मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. सगळा दोष माझ्या पोटात होता. पण कुणी वाजवल्याशिवाय डब्याला आवाज कुठला?

मे महिन्यात शेजारची एस्पेरांसा आली. तिचा सोपा कुंड्यांनी भरलेला असे. तिनं माझ्यातली चिमूटभर माती उचलली आणि आमटीची चव बघावी तशी जिभेवर ठेवली.

“अगो, आमटेक पुरात एवढा मीठ आसा हेच्यात. पयलां ह्या डब्यात काय होता?”

सुभद्रानं सासूकडे पाहिलं. राधाबाईंनी माडाकडे पाहिलं.

“बांगडे,” त्या पुटपुटल्या आणि तुळशीला पाणी घालायला गेल्या. सकाळीच घालून झालं होतं.

एस्पेरांसा सुभद्राला म्हणाली, “डबो तीन दिस पाण्यात बुडवून ठेव, पाणी बदलत ऱ्हव. भोकां पाड. ऊन खंय पडता तां बघ. बावीच्या जवळ ठेव, नाय तर पाणी ओढून कंटाळतलंस. आणि पाच नको, एकच वेल लाय.”

माझं मीठ उतरल्यावर सुभद्रा एक अख्खा दिवस मला घेऊन उन्हामागून घराभोवती फिरली. ऊन सापडलं ते न्हाणीघरापाशी, विहिरीपासून चार पावलांवर. खिळ्याची भोकं मला फार लागली, पण मोकळंही वाटलं. मृगात तिनं लाल माती, शेणखत भरलं आणि तवशाचं एकच बी लावलं. सासूला विचारलं नाही. राधाबाईंनीही पाहून न पाहिल्यासारखं केलं.

वेल न्हाणीघराच्या छपरावर चढला. श्रावणात पहिलं तवसं धरलं. राधाबाई दिवसातून चार वेळा पाय धुवायला येऊ लागल्या आणि प्रत्येक वेळी मान वर करून बघू लागल्या.

चतुर्थीला ते तवसं माटवीला टांगलं गेलं. पाहुण्यांनी विचारलं तेव्हा राधाबाई एवढंच म्हणाल्या, “घरचा आसा.” सुभद्रा आत नारळ खवत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

त्याच वेलावरचं शेवटचं तवसं बियाण्यासाठी पिकवून राधाबाईंनी बिया राखेत घोळवून ठेवल्या. पुढल्या मृगात मला वाटलं, आता त्या स्वतःच लावणार. त्यांनी पुडी सोडली आणि सगळ्या बिया सुनेच्या तळव्यावर ओतल्या.

“तूच लाय गो,” त्या म्हणाल्या. “माझ्या हाताचा काय खरा नाय.”

त्याला आता दहा वर्षं झाली. गंजून माझा तळ गेला, तरी दर मृगात सुभद्रा माझ्यात एकच बी लावते. मित्रांनो, तुम्हीही एका वेलापासूनच सुरुवात करा. आणि तो सुकला, तर माणसाच्या हाताला नावं ठेवण्याआधी कृपा करून डब्याच्या पोटात डोकावून बघा.