शेवटच्या फेरीतला मिस्त्री

सुमनताईंच्या जेवणाच्या टेबलावर गेल्या शुक्रवारपासून कुणी जेवलं नव्हतं. तिथे एक परग्रह मांडलेला होता. थर्माकोलचे डोंगर, बाटल्यांच्या झाकणांच्या टाक्या, वायरीच्या तुकड्यांचे पूल आणि या सगळ्यातून वाट काढणारी बोटभर उंचीची दोन सैन्यं. घरातली तीन जिवंत माणसं मात्र ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. "बाहुल्या टेबलावर आणि माणसं जमिनीवर, असलं घर अख्ख्या संत तुकाराम नगरात दुसरं दाखवा," हे सुमनताई येईल त्याला ऐकवायच्या, आणि त्यात खोटं काय होतं?

टेबलावरच्या लढाईचं हे खूळ घरात आणलं मुलीने, विजयश्रीने. ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. तीन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांच्या, उद्धवरावांच्या मणक्याने दगा दिला आणि ते सहा आठवडे आडवे पडले, तेव्हा त्यांचं मन रमावं म्हणून तिने हा डाव मांडला. उद्धवरावांनी आधी नाक मुरडलं. मग एका सैनिकाचा तळ टेबलावर डुगडुगतो हे त्यांच्या नजरेला आलं आणि कारभार आटोपला. भोसरीच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला डुगडुगणारी वस्तू बघवते होय? त्यांनी पडल्या पडल्या कानस मागवली. महिनाभरात झाडून सगळ्या फौजेचे तळ सपाट झाले, अंतर मोजायला पितळी पट्ट्या तयार झाल्या, आणि त्या नादात खेळही अंगात भिनला.

अडचण एकच. उद्धवरावांची पहिली शिफ्ट, विजयश्रीची दुसरी. ते घरी यायच्या आधी ती कंपनीच्या बसमध्ये बसलेली असायची. एका छपराखाली राहून बापलेकीची गाठ गुरुवारच्या सुट्टीलाच. मग त्यांनी कंपनीचीच रीत घरात आणली. टेबलावर एक रजिस्टर ठेवलं. आपल्या वेळेला आपली चाल करायची, फासे टाकायचे, जे पडलं ते लिहायचं, खाली सही करायची आणि डाव पुढच्या शिफ्टच्या ताब्यात द्यायचा. फासा एकट्याने टाकायचा, बघायला कुणी नाही, पण खोटा आकडा दोघांपैकी कुणीही कधी लिहिला नाही.

मात्र या खेपेचा डाव गमतीचा नव्हता. महिनाअखेरीला उद्धवराव अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होत होते आणि कंपनीने दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली होती. पैशाची अडचण नव्हती. कंबरेला पट्टा, गुडघ्याला पट्टा, जिना चढताना दोनदा थांबायचं, तरी उद्धवरावांना जायचंच होतं. कारण त्यांना घरी बसायची भीती वाटत होती, सरळ भीती. शेजारचे अण्णासाहेब निवृत्त होऊन बागेच्या बाकावर बसले होते ते बसलेच होते, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "काय, कोणती शिफ्ट?" एवढंच विचारत होते. विजयश्रीने हात जोडले, रुसून पाहिलं, भांडून पाहिलं. शेवटी ती म्हणाली, "पप्पा, डावावर ठरवू. मी जिंकले तर मुदतवाढीला नाही म्हणायचं. तुम्ही जिंकलात तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. बरोबरी झाली तर माझं चालणार."

"चालेल," उद्धवराव म्हणाले. आता कामावर जाता यावं म्हणून खेळात जिंकायचं, हे कुठल्या शहाण्या माणसाला सुचतं? पण सुचलं खरं.

मोहीम निवडायचा मान तिचा होता, आणि पोरगी बापाला पुरती ओळखून होती. तिने 'सुटका' निवडली. ग्रह कोसळतोय, सहा फेऱ्या आहेत. जी तुकडी, मग ती एका माणसाची का असेना, पलीकडच्या कडेने मैदानाबाहेर पडेल तिचा एक गुण. शत्रू किती मारला याला शून्य. चौकी राखली याला शून्य. बाहेर पडलात तरच गुण.

ज्याला थोडीफार अक्कल आहे तो अशा मोहिमेला हलकी, पळती फौज घेतो. विजयश्रीने दुचाकीस्वार घेतले, उडते टेहळे घेतले. उद्धवरावांनी काय घ्यावं? तेच, जे ते प्रत्येक मोहिमेला घ्यायचे. दोन वॉकर, म्हणजे दोन पायांवर चालणारी जडशीळ यंत्रं. दोन तोफवाल्या तुकड्या. आणि एक मिस्त्री. मिस्त्रीजवळ बंदूकसुद्धा नाही. बंद पडलेल्या यंत्राला त्याने हात लावायचा आणि फासा टाकायचा. पाच किंवा सहा पडले तर यंत्र चालू, नाहीतर तो तिथेच बसला. "मोहीम बघून फौज निवडावी, पप्पा," हे विजयश्रीने शंभरदा सांगून झालं होतं. "मिस्त्री नाही तर यंत्रं चालवणार कोण?" हे उत्तर ठरलेलं.

पण म्हातारा काही अगदीच कच्चा नव्हता. पहिल्या तीन फेऱ्या त्याने तोफवाले खिंडीत बसवून तिचे निम्मे दुचाकीस्वार भाजून काढले, तिचे गुणच कापले. चौथ्या फेरीत पहिला वॉकर बंद पडला. मिस्त्री मागे फिरला, फाशावर सहा पडले, वॉकर उठून बाहेर गेला. "नशीब!!!" असं विजयश्रीने रजिस्टरमध्ये तीन उद्गारचिन्हं देऊन लिहिलं. पाचव्या फेरीत तोफवाले बाहेर पडले, पण तिच्या शेवटच्या टेहळ्याने दुसरा वॉकर बंद पाडला, कडेपासून वीतभर आधी.

बुधवारी टूलरूममध्ये तीन वाजता एका डायमधली, म्हणजे साच्यातली, पिन तुटली. शिफ्ट सुटायला अर्धा तास होता. उद्धवराव सवयीने म्हणाले, "मी बघतो." रोहिणी नावाची चाकणकडच्या एका गावातली पोरगी आहे तिथे, दुसऱ्या शिफ्टला, त्या दिवशी अर्धा तास आधीच आलेली, सहा वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "काका, तुमी जावा की घरी. आमी हाय की हितं." उद्धवरावांनी ऐकलंच नाही. सहा वाजेपर्यंत उभे राहून त्यांनी पिन काढली, नवी बसवली, आणि रोहिणी सगळा वेळ हात बांधून शेजारी उभी राहिली. पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवरून काढताना कंबरेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. खिशात मुदतवाढीचा फॉर्म होता, शुक्रवारी द्यायचा. "मुदतवाढीस मी इच्छुक आहे / नाही. नको ते खोडावे."

गुरुवार उजाडला. अंघोळी आटोपून बापलेक समोरासमोर बसली. सुमनताई आत पोहे परतत होत्या.

विजयश्रीची सहावी चाल आधी झाली. तिचा शेवटचा दुचाकीस्वार कडेबाहेर गेला. तिचे तीन, उद्धवरावांचे तीन. मैदानात आता दोनच वस्तू उरल्या, बंद पडलेला वॉकर आणि त्याच्या शेजारी मिस्त्री.

उद्धवरावांनी पितळी पट्टी लावली. मिस्त्रीपासून कड बरोबर एका चालीवर होती. तो चालत निघाला की चौथा गुण, डाव खिशात, फाशाचीसुद्धा गरज नाही. किंवा तो थांबेल आणि वॉकरला हात लावील. पाच किंवा सहा पडले तर वॉकर बाहेर जाईल, चौथा गुण तोच. पण हात लावण्यात चाल गेल्याने मिस्त्री मात्र कोसळत्या ग्रहावर राहील. आणि पाच-सहा नाही पडले तर दोघंही राहतील.

यात विचार करण्यासारखं काय होतं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण उद्धवरावांनी फासा उचलला.

बापाचा स्वभावच आपल्याला डाव जिंकून देणार, हाच तर विजयश्रीचा हिशेब होता, आणि तो जुळत आला तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. फासा मुठीत धरून बसलेला तो वाकलेला माणूस तिला बघवेना.

उद्धवराव वॉकरकडे बघत होते. त्याच्या डाव्या पायात त्यांनीच एक मिलिमीटरची पिन बसवली होती. किती वेळा बंद पडला होता हा, आणि किती डाव त्याच्यापायी घालवले! फासा टाकायचा म्हटलं तर हात उचलेना. कंबर ठणकत होती. दमलो आपण, त्यांच्या मनात आलं. आज नाही, कालही नाही, कधीचेच दमलोय. त्यांनी फासा खाली ठेवला, मिस्त्रीला दोन बोटांत धरलं, पट्टीच्या कडेने पुढे नेलं आणि मैदानाबाहेर, टेबलाच्या मोकळ्या लाकडावर उभं केलं.

"चार," ते म्हणाले.

विजयश्रीने मैदानाकडे बोट केलं. "आणि वॉकर?"

"रोहिणी बघेल."

"कोण रोहिणी?"

तोंडून काय निघून गेलं ते उद्धवरावांच्या आत्ता ध्यानात आलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूबद्दल ते "मी बघतो" याखेरीज दुसरं काही बोलले नव्हते. काल ती पोरगी तीन तास हात बांधून उभी होती, आणि ते काम तिला येत होतं. त्यांच्याइतकंच येत होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं. हे आठवून त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ इतकं हलकं वाटलं की त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

"पेन दे," ते म्हणाले.

विजयश्रीने रजिस्टरही पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, खिशातून फॉर्म काढला, घडी उलगडून टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर ठेवला आणि 'आहे' या शब्दावर रेघ मारली. पितळी पट्टी लावून, सरळ.

"पप्पा, अहो, जिंकलात तुम्ही! मी शब्द काढणार नव्हते."

"हरलो असतो तर तू मला बसवलं असतंस. मग बाकावर बसून मी जन्मभर तुझ्या नावाने बोटं मोडली असती." त्यांनी सही केली. "आता माझा मी बसतोय."

पोरीला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं. सुमनताई पोह्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. फॉर्मवरची रेघ त्यांनी उभ्यानेच वाचली. एका हाताने त्यांनी थर्माकोलचा डोंगर बाजूला सरकवला आणि ताटली टेबलावर ठेवली, सात दिवसांत पहिल्यांदा. विजयश्री वॉकर उचलायला गेली तर उद्धवराव म्हणाले, "राहू दे गं तिथेच." तो राहिला.

उद्धवरावांनी दोन घास खाल्ले. तिसरा चमच्यातच राहिला आणि बसल्या जागी त्यांची मान कलली, ते बारीक घोरू लागले. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. विजयश्री त्यांना हलवायला उठली, तसा सुमनताईंनी तिचा हात धरला आणि उद्धवरावांच्या बोटांतून चमचा अलगद काढून घेतला.

"झोपू दे," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांची झोप आहे ती."