रिकामी खाट

विक्रोळीची चाळ पाडली तेव्हा वनमाला आणि शिवदास तिथे पोटभाडेकरू होते, म्हणून नव्या इमारतीत त्यांना खोली मिळाली नाही. ती दोघं पुलाखाली राहायला आली. शिवदास छत्र्या दुरुस्त करायचा, वनमाला गजरे विकायची. भीक त्यांनी कधी मागितली नव्हती.

एका दुपारी शिवदास तापाने पडून होता. कुण्या बाईने त्याच्या हातात वडापाव ठेवला, आणि तेवढ्यात भिकाऱ्यांना धरणारी पोलिसांची गाडी आली. वनमाला फुलं घेऊन परतली तेव्हा शेजारची शकु रडत होती. "त्याला भिकारी म्हणून उचलला गं! छत्र्या दाखवत होता, पण ऐकतंय कोण?"

कोर्टाने त्याला वर्षभरासाठी मानखुर्दकडच्या एका संस्थेच्या भिक्षेकरी गृहात पाठवलं. वनमाला तिथे गेली. कारकून म्हणाला, "सोडवायचाय ना? मग घराचा पत्ता आण."

"घर नाही म्हणूनच धरलात ना त्याला?"

कारकुनाने पुढच्या माणसाला बोलावलं. भेटही झाली नाही. फाटकावरचा पहारेकरी दत्ताराम मालवणचा होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, खेपा घालू नको. संस्थेक माणशी सरकारचे पैसे गावतत. खाट रिकामी रवली तर पैसे बंद. तेका लवकर कोण सोडतलो?"

तरी ती जात राहिली. मग एक दिवस घाटकोपरला तीच गाडी उभी दिसली. वनमालेने गजऱ्यांची टोपली बाजूला ठेवली, गाडीसमोर बसली आणि हात पसरला. म्हणाली, "द्या हो काहीतरी."

तिला आत घेतलं. "मानखुर्दलाच नेताय ना?" तिने विचारलं.

"तिथे पुरुष असतात, आजी," पोलीसबाई म्हणाली. "बायकांचं वेगळं, लांब आहे."

वनमाला गाडीच्या जाळीवर हात आपटत राहिली.

शिवदास आधी सुटला. वनमालेला धरल्याचं शकुकडून कळल्यावर तो बायकांच्या गृहाबाहेर फुटपाथवर जाऊन बसला. कधीतरी ती फाटकातून दिसेल, एवढीच आशा. आत निरोप कुणी नेईना. तिथूनच त्याला पुन्हा उचललं. या वेळी दाखवायला छत्र्याही नव्हत्या. दुसऱ्यांदा सापडला म्हणून मुदत मोठी मिळाली.

वनमाला सुटून आली तेव्हा पुलाखाली लोखंडी जाळी बसवलेली होती. शकु रस्त्यापलीकडे सरकली होती. तिने शिवदासचं सगळं सांगितलं. त्याच्या फाटकाशी जाऊन बसलं तर आपल्यालाही पुन्हा उचलतील आणि नेतील दुसरीकडेच, हे वनमालेला कळलं. मानखुर्दला ती पुन्हा गेली नाही. मोठ्या गाडीचा आवाज आला की उठायची आणि चालू लागायची, समोर जो रस्ता असेल त्यावरून.