चंदरचा सदरा

येसूबाईला कोणी काही सांगायला जायची सोय नव्हती. लेकीचे, रतनचे, दिवस भरत आले होते. बारशाला आजोळची गोधडी हवी, एवढं डोक्यात आलं आणि बाईने एका सकाळी घरातलं सगळं जुनं कापड हंड्यात सोडा घालून उकळलं. बाळाच्या अंगाला मऊ नको लागायला? दुपारी तिची सून नीराबाई अलिबागच्या बाजारात मासळी विकून आली, डोक्यावरची पाटी उतरवली, आणि तिला दोरीवर चंदरचा सदरा वाळत घातलेला दिसला.

चंदर तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून आगबोटीवर खलाशी म्हणून गेला. बसऱ्याच्या बंदरात उतरला तो परत बोटीवर चढलाच नाही, एवढंच त्याच बोटीवरच्या, गावच्या रावजीने येऊन सांगितलं. गेला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही, आहे म्हणावं तर निरोप नाही. अशा बाईने करायचं तरी काय, सांगा! निघायच्या दिवशी त्याने अंगातून काढलेला सदरा तिने न धुता पेटीच्या तळाशी ठेवला होता. घरात कोणी नसलं की ती तो नाकाशी धरायची. घाम, तंबाखू, होडीचं डांबर. आता त्याला सोड्याचा वास येत होता.

ती भांडली नाही. भांडली असती तर एकवेळ परवडलं असतं. मुकाट्याने सदरा काढला आणि पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी ओटीवर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून सासू-सुना वर तुकडे मांडायला बसल्या. कडेला काळी चंद्रकळा, आत हिरवं, त्याच्या आत रतनच्या लहानपणच्या परकराचं लाल. मधली जागा येसूबाईने रिकामी ठेवली आणि पेटीकडे पाहिलं. मामाचं कापड भाच्याच्या अंगावर असावं, असं तिचं म्हणणं. नीराने साफ नाही म्हटलं. दर्यावर गेलेल्याच्या कापडाला कात्री लावत नाहीत, हे कोळीवाड्यात पोरासोरांना ठाऊक. कात्री लावली म्हणजे घरच्यांनी आशा सोडली.

मग टाके कसे घालायचे, यावरून वाजलं. येसूबाईच्या माहेरची रीत कडेने फेर धरत आत यायची, घरातल्या सगळ्या गोधड्या तशाच. नीराला आडवे टाके हवे होते. फेराचे टाके घालायचे तर सासूच्या मागोमाग फिरायला लागतं. आडव्यांना एकीने या टोकाला बसावं, दुसरीने त्या, तोंड बघायला नको. तिचा रागच तेवढा होता. येसूबाईने कधी नव्हे ते तिचं ऐकलं.

पण आडवे टाके काय, दोन टोकांनी निघाले तरी मध्ये यायचेच. चार-सहा दिवसांत दोघींचे गुडघे एकमेकींना लागले. मध्ये फक्त ती रिकामी जागा उरली.

"आये, सदरा धुतलास कशाला?" नीराने विचारलं.

येसूबाईने सुई थांबवली. "तू बाजारात गेलीस की मीपन हुंगायची गं. शिमग्यापासनं त्याला वासच न्हवता. कापडाचा बी न्हवता नि माझ्या चंदरचा बी न्हवता. तुला कळलं न्हाय?"

"कळलं व्हतं," नीरा म्हणाली, आणि इतक्या दिवसांचं रडू तिला आवरेना. वास गेल्यावरही ती रोज त्या कापडात तोंड खुपसून बसत होती, नुसती सवयीने, वेड्यासारखी. तिला चंदर हवा होता. दुसरं काही नको होतं.

डोळे पुसून ती उठली, पेटीतून सदरा काढला आणि न कापता, अख्खा, चौघडी करून त्या जागेवर ठेवला.

"बाळाला मधे जाड लागंल," येसूबाई म्हणाली.

"लागू दे. आला तर उसवून देऊ."

येसूबाईने पदर तोंडाला लावला. मग तिने दोरा ओवला. एवढ्या थरांतून सुई काही जाईना, तेव्हा सासूने ती वरून दाबली आणि सुनेने खालून ओढून घेतली.