पितळी पाटीची मागची बाजू

मित्रांनो, आखातातल्या अल खफजीच्या बाजारात एका दुकानात नव्या लेझर मशीनमागे जे कापडाखाली झाकून ठेवलंय, ते मी. मी नावाच्या पाट्या कोरणारं जुनं हातयंत्र आहे. अक्षराच्या साच्यावरून माझी सुई फिरवली, की दुसऱ्या टोकाला पितळेवर तेच अक्षर लहान होऊन उमटतं.

माणसं मला पाट्यांवरून कळतात. नव्या साहेबाला नावापेक्षा हुद्दा मोठा हवा असतो. तेल कंपनीतल्या ग्रीकांची नावं मात्र पाटीत मावायचीच नाहीत. माझा मालक, दाभोळचा इसहाक, त्यांना चिडवायचा, "तुम्ही लोक बापाला आडनावातच कोंबता."

समुद्रातल्या रिगवरचा म्हातारा फोरमन कोस्तास यानोपुलोस यावर हसायचा. यानोपुलोस म्हणजे यानिसचा मुलगा. "आणि तुमचा बाप कुठे असतो?" त्याने एकदा विचारलं.

"आमचा मधेच उभा. इसहाक जमालुद्दीन परकार. पळायला वाटच नाही."

कोस्तासच्या घरी पहिल्या नातवाला आजोबाचं नाव देत. म्हणून कोस्तासच्या बापाच्या नावावरून त्याचा मुलगा यानिस, आणि यानिसचा मुलगा पुन्हा कोस्तास व्हायचा होता. सुनेला दिवस गेल्यावर म्हाताऱ्याने पाळण्यावर लावायला पाटी सांगून ठेवली. येता-जाता तो दुकानात शिरून ते कोरं पितळ हातात घेऊन बघायचा. म्हणायचा, मी गेलो तरी घरात कुणीतरी कोस्तास म्हणून हाक मारेल.

मग तो अचानक रजेवर गावी गेला. काही आठवड्यांनी कंपनीचा ड्रायव्हर शादाब सांगत आला, म्हाताऱ्याला नातू झाला. इसहाकने पुढे काही विचारलंच नाही. रीत त्याला ठाऊक होती. त्याने खुशीत माझ्यावर सगळ्यात देखणं अक्षर लावलं आणि कोरलं, कोस्तास यानोपुलोस.

कोस्तास परतला तो काळ्या शर्टात. इसहाकने हसत पाटी पुढे केली. म्हाताऱ्याने नावावरून बोट फिरवलं आणि तो स्टुलावर बसला. बाळ जन्मायच्या आधीच यानिस बोटीवरच्या अपघातात गेला होता. बाप असा आधी गेला, तर बाळाला बापाचंच नाव द्यायचं. ही उरलेली अर्धी रीत इसहाकला कुणी सांगितलीच नव्हती.

"हे नाव काढता येईल, सदीक?" मित्राला हाक मारावी तसं त्याने विचारलं.

मित्रांनो, मला कोरता येतं. कोरलेलं काढता येत नाही. इसहाक मान खाली घालून नवं पितळ शोधू लागला. कोस्तासने त्याचा हात धरला.

"नको. हीच उलटी कर."

इसहाकने मागच्या बाजूला कोरलं, यानिस यानोपुलोस. यानिस, यानिसचा मुलगा. एवढं खरं नाव मी पुन्हा कोरलं नाही.

आता ती पाटी दूरच्या कुठल्याशा घरात पाळण्यावर असेल. बाळाचं नाव खोलीकडे, आजोबाचं भिंतीकडे. माझ्यावरची धूळ राहू द्या, मित्रांनो. पण तुमच्या घरी जुनी पितळी पाटी असेल, तर चिंच लावून घासताना ती एकदा उलटी करा. मागची बाजूही घासा. तिथे कुणीतरी हाकेची वाट बघत असेल.