डावा घोटा

रूपा साळवे दहावीत होती, आणि फुटबॉलमधली एक गोष्ट तिला शहरातल्या कुठल्याही पोरीपेक्षा चांगली जमायची. समोरून बॉल घेऊन येणारी कितीही जोरात येऊ दे, रूपा अंग टाकून तिच्या पायातून बॉल काढून घ्यायची. आधी बॉल, मग पोरगी. रेफ्रीला शिट्टी वाजवायला कारण मिळायचं नाही, पण पडलेली पोरगी उठली की पुढच्या वेळी जरा लांबूनच जायची.

हे तिला शिकवलं होतं कडुबा सरांनी. ते तिच्या शाळेत पीटीचे मास्तर. तरुणपणी कुस्ती केलेले, मानेला घट्टे पडलेले. लासूर स्टेशनच्या बाजूच्या गावात विहिरी आटल्या तेव्हा रूपाचा बाप रामकिसन बायको-पोरीला घेऊन पडेगावला आला आणि तिथं उठणाऱ्या अपार्टमेंटांवर सेंट्रिंगच्या कामाला लागला. रूपाचं नाव जवळच्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत तिनं आठवीतल्या एका पोराला उताणं पाडलं. कडुबा सरांनी तिच्या पाठीत दोन रट्टे घातले आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी जुने बूट आणले.

दोन वर्षांनी मुकुंद सर कोच असलेल्या फुटबॉल क्लबनं तिला घेतलं. क्लबचं मैदान बीड बायपासच्या पलीकडं, नव्या रो-हाऊसच्या मागं होतं. शहराला आठवड्यातून एकदा नळाचं पाणी आणि पडेगावात सहा दिवसांनी टँकर, अशा त्या वर्षी क्लबचं गवत मात्र हिरवं होतं. तिथं बूट नवे, मोजे नवे, सरावानंतर अंडी आणि केळी. आणि तिथं नीरजा सेलूकर होती.

नीरजा फॉरवर्ड. बाप इंजिनिअर, क्लबच्या कमिटीवर. ती सरावात रूपासमोर यायची आणि दोघी एकमेकींना पाडून पाडून शिकल्या. मे महिन्यात नीरजाचा डावा घोटा मुरगळून बाहेरच्या बाजूचं लिगामेंट फाटलं. बरी झाली, पण पट्टी बांधल्याशिवाय तिला खेळता येईना. ही पट्टी रोज रूपा बांधायची. नीरजा पाय तिच्या मांडीवर ठेवायची आणि रूपा घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली अंगठा दाबून विचारायची, "इथंच ना?"

"आई गं! इथंच. दाबू नको."

दिवाळीनंतर मुकुंद सरांनी क्लबच्या सगळ्या पोरींना गोल बसवलं. डिसेंबरात पुण्याला राज्याची युथ लीग होती. "आजपासून शाळेच्या मॅच बंद," ते म्हणाले. "मुरमाच्या मैदानावर पाय मोडून घ्यायचे आणि माझ्याकडं लंगडत यायचं, हे चालणार नाही. जी खेळेल ती क्लबच्या बाहेर."

रूपानं हात वर केला. "सर, नीरजा खेळणारे. तिच्या शाळेच्या टीममधे तिचं नाव लागलंय."

"तिच्या वडिलांनी परवानगी काढलीय. तिचं वेगळं आहे."

रूपानं हात खाली घेतला.

शाळेत कडुबा सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातली खेळायची रबरी रिंग भिंतीवर आपटली. जिल्ह्याच्या आंतरशालेय फायनलला त्यांची शाळा पहिल्यांदा पोचली होती, तीही रूपाच्या जिवावर. जिंकलं तर विभागाची स्पर्धा, आणि दहावीला खेळाचे वाढीव मार्क. गणितात रूपा कशीबशी काठावर होती.

"क्लबात गेलीस ती कुणामुळं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यामुळं, सर."

"मग? तू नाय आली तर सात-आठ गोल खाऊन या पोरींचं वाटोळं होईल. येत नाय म्हणून सांग त्यांना तोंडावर."

बाहेर कबड्डीच्या आखणीवर बसून बाकीच्या दहा जणी तिच्याकडं बघत होत्या. रूपा म्हणाली, "खेळते मी."

फायनलच्या सकाळी टँकर आला. सहाव्याऐवजी आठव्या दिवशी आलेला, त्यामुळं गल्ली आधीच पेटलेली. पाइप ज्याच्या हातात त्याचं पाणी, असं चाललं होतं. रूपाची आई पारूबाई ड्रम घेऊन पुढं सरकली, तशी एका माणसानं तिला कोपरानं मागं ढकललं. ती चिखलात बसली. रूपानं त्या माणसाला दोन्ही हातांनी छातीत असा धक्का दिला की त्याचं डोकं टँकरच्या मडगार्डवर आदळलं आणि कानामागून रक्त आलं. त्याच्या बायकोनं रूपाचे केस धरले. रूपानं तिचं मनगट पिरगाळलं. रामकिसननं मधे पडून लेकीला ओढत घरात नेलं.

"अगं, डोकं फुटलं त्याचं! काय लागलंय तुझ्या हाताला?"

"त्यानं आईला ढकललं."

"म्हनून जीव घेतीस का?"

रूपानं बॅग उचलली आणि रिक्षा धरून मैदान गाठलं.

मैदान मुरमाचं होतं आणि पाऊस नसल्यानं दगडासारखं टणक झालेलं. समोरचा संघ नीरजाच्याच शाळेचा होता. नीरजा तिला बघून जवळ आली. तिच्या घोट्याला पट्टी होती. दुसऱ्या कुणीतरी बांधलेली, सैल.

"तू खेळतेयस? मुकुंद सरांना कळलं तर गेलीस तू."

"तू सांगणार?"

"मी कशाला सांगू? सगळं गाव बघतंय."

पहिल्या अर्ध्या तासात रूपानं तिला चार वेळा पाडलं. चारही वेळा बॉल आधी. चौथ्या वेळी नीरजाच्या मांडीवरची कातडी विताएवढी सोलली गेली आणि मुरूम आत रुतला. ती उठली तेव्हा दात आवळलेले होते. पाचव्या वेळी ती रूपाच्या अंगावर आलीच नाही. बाहेरून वळून गेली आणि लांबून गोल मारला.

मध्यंतरात कडुबा सरांनी पोरींना लिंबाखाली बसवलं आणि रूपाला बाजूला घेतलं.

"त्या नऊ नंबरवालीचा डावा घोटा कच्चा हाय. तूच म्हनली होतीस."

म्हणाली होती. महिन्याभरापूर्वी, त्यांनी क्लबातल्या पोरींबद्दल सहज विचारलं तेव्हा, बोलता बोलता.

"एकदाच पाय घाल तिथं. जाईल ती बाहेर. बाकीच्यांत दम नाय."

"नाय सर."

"काय म्हनली?"

"नाय. पट्टी मी बांधते तिची."

कडुबा सरांनी तिच्या कानाखाली मारली. ती मागं गेली, लिंबाच्या बुंध्याला धडकली. सगळ्या पोरींनी पाहिलं, पलीकडच्या संघानंही. "पट्टी बांधते! क्लबची बाई झाली ही," सर म्हणाले. रूपाचा कान सुन्न झाला होता. तिनं मोजे वर ओढले आणि मैदानात गेली.

दुसऱ्या अर्ध्यात रूपाच्या शाळेनं एक गोल फेडला. मग कॉर्नर मिळाला नीरजाच्या संघाला. दोघी एकमेकींना खेटून उभ्या होत्या, एकमेकींचे शर्ट मुठीत धरून. बॉल हवेत आला, रूपा उडाली, आणि नीरजानं मागं न बघता कोपर फिरवलं. ते सरळ रूपाच्या तोंडावर बसलं. पुढचा दात अर्धा तुटला. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा एकदम आला. रेफ्री गर्दीच्या पलीकडं होता. त्याला काही दिसलं नाही.

"बघ आता कसं वाटतं," नीरजा म्हणाली.

रूपानं तुकडा थुंकला. त्यानंतर तिला कडुबा सर आठवले नाहीत, विभाग आठवला नाही, क्लबही नाही. तिनं फक्त वाट पाहिली. सात-आठ मिनिटांनी नीरजा डावीकडून बॉल घेऊन निघाली. बॉल तिच्या उजव्या पायाजवळ होता. रूपाला तो स्पष्ट दिसत होता, घ्यायला सोपा होता. तिनं तो घेतला नाही. ती दोन्ही पाय पुढं करून घसरत गेली आणि बुटाचे स्टड नीरजाच्या डाव्या घोट्यावर बाहेरून घातले, हाडाखाली, जिथं रोज अंगठा ठेवायची तिथं.

आवाज रेषेबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला. ओली फांदी मोडावी तसा नव्हे; कोरडा, एकदम. नीरजा किंचाळली नाही. ती बसली, पायाकडं बघितलं, पाऊल भलतीकडंच वळलं होतं, आणि मग तिला उलटी झाली.

रेफ्रीनं लाल कार्ड काढायच्या आधी नीरजाचा मोठा भाऊ श्रीरंग मैदानात घुसला. इंजिनिअरिंगला असलेला, उंच पोरगा. त्यानं पडलेल्या रूपाच्या बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. "ह्या वस्तीतल्यांना खेळायला घेतातच कशाला!" तो ओरडत होता. रूपानं तिसरी लाथ हातावर घेतली. एवढ्यात कडुबा सर धावत आले. त्यांनी कोपऱ्यातला झेंड्याचा बांबू उपटला होता. पहिला फटका श्रीरंगच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यावर. श्रीरंग गुडघ्यावर आला. मग दोन्हीकडचे पालक, पोरी, शिपाई सगळेच घुसले; कुणी खुर्ची उचलली, कुणी दगड. एका आईच्या कपाळाला बाटली लागली. बाजूच्या रस्त्यावरून जाणारी पोलिसांची गाडी आत येईपर्यंत मारामारी थांबली नाही.

या सगळ्यात नीरजा तिथंच बसून होती आणि तिच्याजवळ फक्त रूपा होती. रूपा हातानं तिचं पाऊल धरायला गेली, तशी नीरजानं तिच्या हाताला कडकडून चावा घेतला. रूपानं हात सोडवला नाही. नीरजाला उचलून नेईपर्यंत दात तिथंच होते.

दोन्ही शाळा बाद झाल्या. मुकुंद सरांचा निरोप त्याच दिवशी आला: किट परत दे. आठ दिवसांनी हेडमास्तरांच्या खोलीत चौकशी बसली. जिल्हा संघटनेचे दोघं, हेडमास्तर, कडुबा सर, रामकिसन आणि रूपा. बांबूबद्दल कडुबा सरांना काही नाकारता येत नव्हतं. घोट्यावर घालायला त्यांनीच सांगितलं असं पोरी म्हणत होत्या; त्याबद्दल मात्र ते म्हणाले, "मी असं कधीच बोललो नाय. पोरगी आधीपास्नं तापट हाय. त्याच सकाळी टँकरवर एकाचं डोकं फोडून आली होती. इचारा तिच्या बापाला."

सगळ्यांनी रामकिसनकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "फोडलं होतं, साहेब."

मग रूपाला विचारलं. वस्तीतल्या लोकांनी तिला आदल्या दिवशी बजावलं होतं: सरांचं नाव घे, सुटशील. संघातल्या बाकीच्या दहा पोरी साक्ष द्यायला तयार होत्या.

"सर बोलले होते," रूपा म्हणाली. "मी नाय म्हनले म्हणून मारलं बी त्यांनी. सगळ्यांनी बघितलं."

कडुबा सरांनी मान वळवली.

"पण मी त्यांच्या सांगण्यावरनं नाय घातला पाय. तिनं माझा दात पाडला, म्हणून घातला. बॉल मला दिसत होता. मला तिचा पाय मोडायचाच होता."

संघटनेच्या माणसानं पेन थांबवलं. "मुली, हे लिहून घेऊ का? विचार कर."

"घ्या."

कडुबा सर निलंबित झाले. रूपाला दोन वर्षं कुठल्याच स्पर्धेत उतरता येणार नव्हतं. वाढीव मार्क गेले. दात तसाच राहिला. बाहेर आल्यावर रामकिसन म्हणाला, "चल. त्या पोरीच्या घरी जाऊ."

सेलूकरांचं घर औरंगपुऱ्याच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर होतं. दार नीरजाच्या आईनं, उमाताईंनी उघडलं. बाप-लेकीला बघून त्यांनी दाराची कडी धरून ठेवली. रामकिसननं जिन्यातच चपला काढल्या होत्या.

"ताई, भांडायला नाय आलो. पोरगी माझी चुकली."

"श्रीरंगला सहा टाके पडलेत," उमाताई म्हणाल्या. "नीरजाच्या पायात प्लेट घातलीय. डॉक्टर म्हणतात, चालेल. खेळेल की नाही सांगत नाहीत." आतून नीरजानं विचारलं, "कोण आहे?" आणि उत्तर न मिळाल्यावर तिनंच ओळखलं असावं. "येऊ दे तिला."

नीरजा पलंगावर बसली होती, पाय उशीवर, कुबड्या बाजूला. रूपा दारातून दोन पावलं आत आली. नीरजानं एक कुबडी उचलली आणि जीव खाऊन फेकली. रूपानं ती येताना पाहिली. ती हलली नाही. कुबडीचं टोक भुवईवर बसलं आणि रक्त डोळ्यात उतरलं.

"तुला माहीत होतं!" नीरजा ओरडली. "दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं चुकून लागलं. तुला माहीत होतं कुठं ते!"

"व्हय."

"सरांनी सांगितलं म्हणून केलंस?"

"नाय. मी तेच सांगून आले आत्ता. मीच केलं."

नीरजाला धाप लागली होती. ती म्हणाली, "कोपर मी मुद्दाम मारलं."

"माहितेय."

"दाखव दात."

रूपानं ओठ वर केला. नीरजानं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. "जा तू आता. परत येऊ नको. मी बोलावलं तरी येऊ नको."

उमाताईंनी एक स्वच्छ फडकं रामकिसनच्या हातात दिलं. खाली उतरून त्यानं ते लेकीच्या कपाळावर दाबलं आणि तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. कंपाउंडरनं जखम पुसली, विचारलं, "पडलीस काय?"

"नाय. मारलं."

"कुणी?"

रूपानं डोळे मिटले. पहिला टाका पडला तेव्हा ती गप्प होती. दुसऱ्याला तिचे खांदे हलायला लागले. कंपाउंडर म्हणाला, "अगं, सुन्न केलंय, दुखत नसणार," तरी ती थांबेना. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून ती रडत राहिली. रामकिसननं दोन्ही हातांनी तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि कंपाउंडरला म्हणाला, "तुमी घाला टाका. मी धरलंय."